साऱ्या बायका झोपल्या ती दुपार

आमच्या घरचा विस्तव विझला, एवढंच काय ते निमित्त. पावसानं धरणं धरलं होतं, चुलीतली राख ओली झाली होती आणि काडेपेटी सादळून गेली होती. आईनं एकामागून एक काड्या ओढून पाहिल्या. प्रत्येकीचं डोकं नुसतंच गळून पडलं. मग तिनं निखारा धरून आणायला नारळाचं सुकं सोडण, वरची काथ्याची साल, माझ्या हातात दिलं.

"इसुपे, मावशीकडनं निखारा घेऊन ये, जा. तिच्याकडे नसला तर पुढच्या घरी माग. हात हलवत परत आलीस तर रात्री कच्चे कंद चावत बसावं लागेल."

मी तेव्हा सातेक वर्षांची असेन. मोठी पोरं खाडीपलीकडच्या मिशनच्या शाळेत राहायला असायची, शनिवारी घरी यायची. माझं शाळेचं वय झालं नव्हतं आणि माझ्याहून लहान पोर वाडीत एकही नव्हतं, म्हणून उंडारायला मी एकटीच. आणि त्या दिवशी पुरुषमाणूसही कुणी नव्हतं. दक्षिणेकडच्या बेटावर कुणाच्या तरी मरणाचं जेवण होतं, त्यासाठी डुकरं आणि केळीचे घड घेऊन सगळेच मोठ्या शिडाच्या होडीनं गेले होते. माझा बाबाही. कालच परतायचे होते. आले नव्हते.

आई त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आमच्यात बोलत नाहीत. माणसं पाण्यावर असली की घरच्या बाईनं मोठ्यानं बोलायचं नाही, झाडू मारायचा नाही, उंबरा सोडून लांब जायचं नाही. घर हललं की तिकडे होडी हलते. म्हणून तर निखारा आणायला ती स्वतः न जाता मला पाठवत होती. मी शिडी उतरले तेव्हा ती दारात बसून समुद्राकडे बघत होती. प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटत होत्या आणि त्याच्या पलीकडे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आभाळच पाण्यात उतरलं होतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, नासेवा. जिभेनं तिखट आणि हातानं गोड, अशी बाई. मी खालूनच हाक मारली. उत्तर नाही. शिडी चढून आत डोकावले तर मावशी झोपली होती.

आता हे ऐकायला काही विशेष वाटणार नाही. पण मावशीला झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती आमच्या आधी उठायची, आमच्यानंतर आडवी व्हायची, आणि दुपारी झोपणाऱ्या बायकांना "अजगरीण" म्हणून चिडवायची. तीच मावशी भर दुपारी चटईवर उताणी पडली होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे वर. विड्याच्या चुन्याची काडी अजून बोटांत तशीच होती.

"मावशी..."

हू की चू नाही. चुलीत बोट घालून पाहिलं. राख गार.

बरं, म्हटलं, थकली असेल. मी पुढच्या घरी गेले. तिथली काकू झोपली होती. उताणी, तळवे वर. चूल गार. त्याच्या पुढच्या घरी सासू आणि सून शेजारी शेजारी झोपलेल्या. एरवी त्या दोघी एका चटईवर बसल्या तरी वाडीत बातमी व्हायची. तिथंही चूल गार. तेव्हा मी बाहेर येऊन पहिल्यांदा सगळ्या वाडीकडे नीट बघितलं. एकाही छपरातून धूर निघत नव्हता. एक कोंबडी तेवढी घराखाली चिखल उकरत होती. पाऊस मात्र थांबून थांबून पडत होता आणि ओहोटीला खडकांवर जो वास येतो, कच्च्या माशाचा, शेवाळाचा, तो वास थेट घराघरांतून येत होता.

शेवटी राहिलं पाद्रीणबाईंचं घर. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर होता. एक तर त्यांच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता, म्हणजे कोरडी काडेपेटी असणारच. आणि दुसरं म्हणजे, 'त्यां'च्याविरुद्ध वाडीत उघड बोलणारं माणूस त्या एकट्याच. आम्ही तो शब्दही तोंडातून काढत नाही. चेटकिणी, असं पाद्रीणबाईच दर रविवारी ठणकावून म्हणत. बायकांनो, रात्री उडायचं सोडा आणि सकाळी वेळेवर प्रार्थनेला या, असं त्या म्हणाल्या की साऱ्या बायका पदरात तोंड लपवावं तशा माना खाली घालून हसायच्या.

पाद्रीणबाई स्टोव्हशेजारी जमिनीवर निजल्या होत्या. पांढरा इस्त्रीचा झगा घोट्यापर्यंत नीट ओढलेला. चष्मा घडी करून बाजूला ठेवलेला. उताण्या. तळवे वर.

मी वाकून त्यांच्या हाताला हात लावला. हात गार होता. त्यांच्या छातीकडे बघत मी बराच वेळ उभी राहिले... ती हलत नव्हती.

काडेपेटी समोर दिसत होती. ती उचलायचं मला सुचलं नाही. सोडण तिथंच टाकून मी पळत सुटले.

घरी आई दारात नव्हती. ती आत चटईवर होती. तुम्हाला आता सांगायला नको, कशी ते. मी तिला हलवलं, नाक दाबलं, केस ओढले, कानात किंचाळले. माझी आई इतकी सावध झोपायची, की मी कूस बदलली तरी विचारायची, काय गं, डास चावला? ती आई आता कशालाच दाद देईना. तिच्या तोंडाजवळ गाल नेला. श्वास नव्हता.

मी रडले नाही. भीती फार मोठी असली की रडू येत नाही. माझ्या डोक्यात एकच आलं. त्या आल्या असणार. बाहेरून, दुसऱ्या कुठल्या तरी बेटावरून. पुरुष नाहीत हे बघून आल्या आणि आमच्या साऱ्या बायकांचा जीव काढून घेऊन गेल्या. आणि आता अंधार पडला की अंगं खायला परत येतील. माणूस बुडालं की त्या काय करतात, हे आम्हा पोरांना अंगाईगीतासारखं पाठ असतं.

आणि त्यावर उपाय काय करायचा तेही पाठ असतं. होडीत चढण्याआधी बाबा दरवेळी आलं चावायचा, होडीच्या नाळेवर आणि उलांडीवर, म्हणजे तोल धरायला बाजूला बांधलेल्या ओंडक्यावर, फुंकरीनं थुंकायचा. आल्याच्या थुंकीपुढे त्यांना काही दिसत नाही, ओलांडता येत नाही. आमच्या घराखालीच रानआल्याचं बेट होतं. मी दोन्ही हातांनी ते उपटलं, मातीसकट तोंडात कोंबलं आणि चावलं. जीभ सोलून निघाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर थुंकले. दाराच्या दोन्ही बाजूंना थुंकले. घराचे चारही कोपरे झाले. मग आईच्या उशाशी उभी राहून मान मागे टाकली आणि वर छपराच्या आढ्याकडे थुंकले. अर्धं माझ्याच तोंडावर पडलं.

मग बाबाचा कोयता मांडीवर घेऊन आईजवळ बसले. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वारा हळूहळू पडला. पावसाचं टपटपणं तेवढं राहिलं. आणि मावशीच्या घरातून खोकला ऐकू आला.

मावशीचाच खोकला. मग पलीकडे कुणीतरी भांडं आपटलं. सासू सुनेवर खेकसली. एका छपरातून धूर निघाला, मग दुसऱ्या. आणि चर्चसमोर टांगलेल्या रिकाम्या सिलेंडरवर लोखंडी कांब वाजू लागली, ठण, ठण, ठण. पाद्रीणबाई उठल्या होत्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला बोलावत होत्या.

मी आईकडे बघितलं. आता उठेल. आता उठेल...

ती उठली नाही.

तेवढ्यात छपरावर काहीतरी येऊन बसलं.

पक्षी नव्हता तो. आढ्याची झावळी खाली दबली, धूळ आणि काजळी आईच्या अंगावर पडली. मग ते सरकलं. कोपऱ्याकडे गेलं, थांबलं, मागे फिरलं. दुसऱ्या कोपऱ्याकडे गेलं. केतकीची सुकी पानं एकमेकांवर घासावीत तसा आवाज. मग दाराच्या वर... आणि तिथून एक हुंगल्याचा आवाज. लांब, भुकेला.

माझं आलं टिकलं होतं! मी आणखी एक तुकडा चावला आणि नेम धरून वर थुंकले. वरचं चटकन बाजूला झालं. पुन्हा दुसरीकडे दबलं, मी पुन्हा थुंकले. असं मी किती वेळा केलं ते आठवून आजही माझं तोंड पोळतं.

"इसुपे!" खालून मावशीची हाक आली. "तुझी आई उठली का गं?"

"नाही... मावशी, लवकर वर ये. छपरावर काहीतरी बसलंय."

मावशीनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकायला उचलला आणि तसाच मागे घेतला. तिनं नाक मुरडलं.

"आलं कुणी फुंकलं इथं?"

"मी!" मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"कुणाचं नाव घेऊन फुंकलंस?"

"नाव...?"

"नाव गं, नाव! जिला अडवायचं तिचं नाव घ्यायचं असतं. तुझ्या बापानं नाही शिकवलं?"

"तो मनात म्हणतो. मला ऐकू नाही येत."

मावशी चिखलात मटकन खाली बसली. "अगं कार्टे, नाव नाही घेतलंस म्हणजे सगळ्यांनाच दार लावलंस की." आणि मग तिनं वर छपराकडे बघितलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "थांब गं बाई. जरा दम धर. पोर आहे, अजाण आहे."

"मावशी... वर कोण आहे?"

"कोण असणार? घरची मालकीण."

मला आधी काही कळेना. मग मावशीचे केस दिसले. ओले होते आणि त्यांत मीठ होतं. दुपारी ती घरात पडून होती, मी डोळ्यांनी बघितली होती. तिच्या तळहातांवर दोर घासल्याचे लाल वळ होते. मी त्या वळांकडे बघितलं, आणि मग कड्यापलीकडच्या समुद्राकडे.

"होडी फुटली का?"

"फुटली तर फुटली. तुला काय करायचंय?" मावशी म्हणाली. "माणसं आहेत. धरलीत सगळी. वाळूच्या बेटावर आणून टाकलीत, सकाळी येतील. तुझी आई सगळ्यांच्या मागे राहिली, म्हणून ती दमलीय. आणि तू तिच्या तोंडावर थुंकत बसलीस."

मला इतकं वाईट आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. मी म्हटलं, पुसून काढते, समुद्राच्या पाण्यानं धुते.

"थुंकलेलं गिळता येतं का कुणाला? ज्यानं फुंकलं त्यालाच त्यातून येता-जाता येतं. म्हणजे तुला. आता नीट ऐक. दिवस बुडाला की अंग ताठतं, मग तिला आत शिरता येत नाही. त्याच्या आत तिला हाताला धरून आणायचं. आईच्या शेजारी निज. तिच्यासारखी. तळवे वर."

"मला नाही येत ते..."

"येतं की नाही हे तुला कुणी विचारलंय? तू अंगावर पीत होतीस तेव्हाच तुझ्या आईनं करायचं ते करून ठेवलंय." मग तिचा आवाज खाली आला. "पण एकदा बाहेर पडलीस की पडलीस. मग तू आमच्यातली. नंतर रडून उपयोग नाही. बोल."

"मला बाबा पाहिजे," मी म्हणाले.

"बाबा सकाळी येईल. आई पाहिजे का, ते सांग."

पश्चिमेला ढगांच्या खाली एक फट उघडली होती आणि सूर्य तिथं टेकला होता. मी कोयता बाजूला ठेवला आणि आईच्या शेजारी उताणी झाले.

पुढचं कसं सांगू? मला वाटलं होतं, उडी मारल्यासारखं काहीतरी असेल. तसं नव्हतं. झोप लागताना एखादा पाय गळून जातो, तसं सगळं अंग गळून गेलं आणि मी मात्र जागीच राहिले. मी खाली बघितलं. चटईवर माझी आई होती, आणि तिच्या शेजारी एक काळी, मळकी, तोंडाला माती फासलेली पोर. मला तिची दया आली. मग झावळ्यांच्या फटीतून मी वर निघाले आणि समुद्र दिसला.

आता मी म्हातारी झाले, पुष्कळ पाहिलं. पण तसा समुद्र... आमच्या कड्याच्या आतलं हिरवं पाणी, बाहेरचं काळं पाणी, त्यावर पसरलेला तो पिवळा उजेड, आणि थेट दक्षिणेपर्यंत एकामागे एक सगळी बेटं, पावसात धुतलेली. लांब वाळूच्या एका तुकड्यावर माणसं दिसत होती, तांदळाएवढी. आमच्या बायका रात्री हे बघतात! दिवसा खाली वाकून कंद खणतात, धुणी बडवतात, नवऱ्यांची बोलणी खातात, आणि हे सगळं त्यांचं असतं. माझी छाती भरून आली. भीती होती, पण ती खाली त्या पोरीजवळ राहिली होती.

आढ्यावर आई बसली होती.

ती घरातल्यापेक्षा मोठी होती. केस मोकळे, पाणी निथळत होतं. तिच्या कातडीतून उजेड झिरपत होता, समुद्रात रात्री वल्हं मारल्यावर पाण्यात चमकतो तसला. तोंडावर आल्याच्या थुंकीचे ओघळ होते. ते जिथं जिथं होते तिथं उजेड विझला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "आत कुणीतरी निजलंय. एक मोठं, एक कोवळं. वास येतोय."

"आई, मी इसुपी."

"कोवळं आहे..." ती माझ्याकडे सरकली. तिचं तोंड जरा जास्तच उघडत होतं.

खालून मावशी ओरडली, "हात धर! काही झालं तरी हात धर!"

मी हात पुढे केला. मला वाटलं, आता ती तो खाणार. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि मला सुचलं तेच मी बोलले. "आई, चल घरी. कंद भाजलेत."

ती थांबली. कपाळाला आठी पडली. ती आठी माझ्या ओळखीची होती, मी थाप मारली की पडायची.

"कशावर भाजलेस?" तिनं विचारलं. "विस्तव कुठाय घरात?"

मी तिचा हात घट्ट पकडला आणि आढ्यातून, माझ्याच थुंकीच्या वासातून, तिला खाली ओढून आणली. दोघी एकदमच चटईवर आदळलो. सूर्य गेला तो तेवढ्यातच.

आईनं डोळे उघडले, उठून बसली, नारळाच्या करवंटीनं पाणी प्याली. पीतच राहिली. मग तिनं पदराच्या टोकानं, म्हणजे कमरेच्या वस्त्राच्या टोकानं, माझं तोंड पुसलं. मला वाटलं होतं, ओरडेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतक्यात नको होतं गं," एवढंच म्हणाली. खालून मावशीनं विस्तव वर सरकवला आणि आम्ही कंद भाजून खाल्ले.

सकाळी पुरुष आले. अर्धी होडी आणि ओंडके बांधून कसेबसे वल्हवत आले, पण सगळे आले. कुणी आरोळी दिली नाही. कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. वाटेत धरलेले मासे घेऊन प्रत्येक जण आपापल्या घरी गेला आणि शिडीच्या वरच्या पायरीवर मासा ठेवून, मान वाकवून खाली बसला. पाद्रीनंसुद्धा ठेवला.

बाबा आला. एरवी येताना तो लांबूनच हाका मारायचा, मी पळत जायची, तो मला उचलून खांद्यावर टाकायचा. त्या दिवशीही मी शिडीवरून निम्मी उतरले होते. पण त्यानं हात पुढे केले नाहीत. त्यानं एक मासा आईपुढे ठेवला. मग दुसरा, तेवढाच मोठा, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. आणि माझं डोकं त्याच्यापेक्षा उंच राहील इतका तो वाकला.

"बाबा, उचल ना," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. "उलांडी तुटली तेव्हा तुझ्या आईनं माझे हात धरले होते," तो चिखलाकडे बघत म्हणाला. "पण लाट मोठी होती. मी निसटलोच होतो. खालून घोट्याला कुणीतरी धरलं, म्हणून वाचलो. लहान हात होते. तूच होतीस ना?"

मी आईकडे बघितलं. मी काल छपराच्या पलीकडे कुठं गेलेच नव्हते, आणि छपरावर गेले तेव्हा माणसं कधीच वाळूवर पोचली होती. हे आईला माहीत होतं. आई बाबाच्या पायाकडे बघत होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हो म्हण," ती हळूच म्हणाली. "आणि मासा घे."

मी हो म्हटलं. मग खाली उतरून बाबाच्या घोट्याला हात लावला. तिथं काळेनिळे वळ होते, चार बोटं आणि अंगठा. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. वळ माझ्या बोटांपेक्षा बरेच लहान होते.